रिपोर्टमधली एकुलती एक चांगली गोष्ट

बँकेच्या कॅश काउंटरवर 31 वर्षं काढली. काचेपलीकडच्या माणसाचं पासबुक मला उलटं धरूनही वाचता यायचं. त्यामुळे रक्ततपासणीचा रिपोर्ट शनिवारी संध्याकाळी मोबाइलवर आला आणि डॉक्टरांची वेळ सोमवारची निघाली, तेव्हा मी म्हटलं, आकडेच तर आहेत. वाचून टाकू.

चार पानं होती. उपाशीपोटीची साखर 112, पुढे ठळक ‘एच’. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, 214, ‘एच’. एच म्हणजे हाय, हे कळायला डॉक्टर कशाला लागतो? बोट खाली सरकवत गेलो आणि एकदम थांबलो. एचडीएल कोलेस्टेरॉल 34. पुढे ‘एल’!

“अगं, एक तरी कमी निघालं बाप्पा!” मी स्वयंपाकघराकडे ओरडलो.

कोलेस्टेरॉल कमी असलेलं बरं, हे तर तेलाच्या पाकिटावरून पोरासोरांनाही ठाऊक असतं. हिलाही आनंद झाला आणि रविवारी सकाळी तर्री पोह्यांची परवानगी मिळाली. धरमपेठेत ठेल्यावर उभं राहून दोन प्लेटी खाल्ल्या. तर्रीत चणे असतात, चण्यात प्रोटीन असतं, एवढं आरोग्यज्ञान माझ्याकडे होतंच. तिसऱ्यांदा नुसती तर्री मागितली. ती नागपुरात मोजत नाहीत.

दुपारी रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ही माझी दुसरी चूक. मावशीने रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी सांगितलं, आतेभावाने जांभळाच्या बियांची पूड. साळ्याने तर लॅबवरच संशय घेतला. “भाऊजी, एका ठिकाणी साखर 112 अन् दुसऱ्या ठिकाणी साखरेचंच एचबीएवनसी 6.1? दोन्ही कसे खरे असतील? घोळ करून राहिले हे लोकं!” मला ते फारच पटलं. वर तो येताना शुगर-फ्री संत्रा बर्फीचा डबा घेऊन आला. साखर नाही म्हणून मी नेहमीच्या दुप्पट खाल्ली. खव्याबद्दल डब्यावर काही लिहिलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, बीपी घेतलं. 138/88. “मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. रोज चाला, वजन उतरवा, तीन महिन्यांनी परत तपासू. समजलं?”

“समजलं,” मी म्हटलं. मेटाबॉलिक कळलं नव्हतं आणि सिंड्रोम तर त्याहून कळलं नव्हतं. पण बाहेर 14 माणसं बसली होती, आणि त्यांच्यासमोर मला नापास व्हायचं नव्हतं.

बाहेरच्या टेबलावर सिस्टर होती, माझ्या पोरीच्या वयाची. तिने मला थांबवलं. “काकाजी, आता मले तुम्ही सांगा, डॉक्टर काय म्हणले?”

“चाला म्हणले.”

“अन्?”

अन् काही नव्हतं. शाळेत बाकावर उभं राहिल्यासारखं वाटलं. पण पोरगी रागावली नाही, खुर्ची ओढून बसली. म्हणाली, हा एक आजार नाही, पाच गोष्टींचं टोळकं आहे. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड्स 150 किंवा वर, बीपी 130/85 किंवा वर, उपाशीपोटीची साखर 100 किंवा वर, एचडीएल 40 च्या खाली. पाचपैकी तीन जमले की झालं.

“पण एचडीएल तर माझं कमी आहे!” मी विजयाने म्हटलं.

“तेच तर! ते जास्त पाहिजे, काकाजी. ते जास्तीचं कोलेस्टेरॉल उचलून लिव्हरकडे वापस नेते.”

म्हणजे ते वसुली अधिकारी! शाखेत वसुलीला माणसं कमी पडली होती, आणि मी त्या आनंदात दोन प्लेट पोहे खाऊन आलो होतो. (तेलाच्या पाकिटाचंही विचारून घेतलं. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच मुळी. संत्र्याच्या पेटीवर ‘बिनहाडाची’ असं छापावं, तसलाच तो प्रकार.)

साळ्याचा घोळही तिथेच सुटला. 112 ही त्या सकाळची शिल्लक. 6.1 ही टक्केवारी, रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटलेल्या साखरेची. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब असतो. तिमाही सरासरी शिल्लक! हे मला कोणी आधी या भाषेत का नाही सांगितलं? तपासणीआधी दोन दिवस मी गोड बंद ठेवलं होतं, 31 मार्चला शाखा ठेवी गोळा करून ताळेबंद गोंडस करते तसं. सरासरीने तो डाव पकडला होता.

“कंबर किती?” तिने विचारलं.

“36 ची पँट आहे. म्हणजे 91.”

“पँट पोटाच्या खाली घालता ना?”

यावर काय बोलणार. तिने शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावला. मी छाती फुगवून पोट आत ओढलं. “श्वास सोडा, काकाजी.” सोडला. 103.

पाचपैकी पाच. मॅट्रिकला गणितातही मला इतकं जमलं नव्हतं.

घरी येऊन हिला सगळं समजावून सांगितलं आणि वर सिस्टरसारखं विचारलंही, “आता तू सांग, काय समजलं?” हिने न अडखळता पाचही आकडे म्हणून दाखवले, शिवणाच्या मशीनवरचा टेप आणला आणि माझं पोट पुन्हा मोजून 103 ची खात्री करून घेतली. टेप परत घेत मी म्हटलं, बायकांसाठी कंबरेची मर्यादा 80 असते, ये इकडे.

“गॅसवर भाजी आहे,” असं म्हणून ही आत गेली. जाताना टेप माझ्या हातातून घेऊन गेली. मी मागोमाग गेलो तर गॅस बंद होता, भाजी चिरायचीच होती, आणि टेप त्या दिवसापासून घरात कोणालाच सापडलेला नाही.