काकांच्या 'पालकांनो, जागे व्हा'ला उत्तर

घरच्या ग्रुपवर काकांनी 'पालकांनो, जागे व्हा' हा मेसेज टाकला : मतिमंद मुलांना साध्या शाळेत, आपल्या मुलांसोबत बसवू नका म्हणून. त्याच ग्रुपवर माझी वहिनी आहे. तिच्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे (जन्मापासूनची अवस्था, त्यात शिकणं सावकाश होतं) आणि जूनमध्ये तो पहिलीत जाणार आहे. रात्री तिचा फोन आला, "ताई, शाळा खरंच नाही म्हणू शकते का हो?"

मेसेज म्हणतो, 'मतिमंद मुलांना कायद्याने विशेष शाळेतच घालावं लागतं.' साफ खोटं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 31 वाचा. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. त्यातला 'किंवा' नीट बघा. निवड त्या घराची, शाळेची नाही आणि काकांची तर नाहीच.

'बाकीची मुलं त्यांचं बघून तशीच वागायला लागतात.' हे वाचून मी फोन आपटायचा बाकी ठेवला. अहो, हा काय कांजण्या आहे का? आमचा बाळ, म्हणजे वहिनीचा मुलगा, बालवाडीत दोन वर्षं बसला. त्याला एक नाद आहे : दाराबाहेर पडलेल्या चपला जोडीजोडीने भिंतीला लावायच्या. एक जरी उलटी दिसली तरी आत जात नाही. दिवाळीनंतर बाईंनी वहिनीला दाराशी नेऊन दाखवलं, अख्खा वर्ग चपला रांगेत काढायला लागला होता. नक्कल झाली, ती ही. आणि त्याने उचललं काय? शेजारच्या मुलीचं बघून डब्याचं झाकण स्वतः उघडायला शिकला. घरी आम्ही वर्षभर डोकं आपटत होतो.

'शिक्षकांचा सगळा वेळ त्यांच्यातच जातो.' बरं, यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. पन्नास पोरांच्या वर्गात एकटी बाई काय काय बघणार? पण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. ते पद भरा म्हणून ओरडा की! मुलाला कशाला बाहेर काढता?

'त्यांच्या आईवडिलांनाच हे नको असतं.' काहींना नको असतं, खरंय. चिडवाचिडवी होईल, शी-शूला कोण नेईल, ही भीती वहिनीलाही आहे. विशेष शाळा निवडणारे चुकतात असंही मी म्हणणार नाही. पण त्यांच्या भीतीच्या नावाखाली निर्णय तुम्ही कसा ठोकता?

सोमवारी वहिनी अर्ज द्यायला जाते आहे, कलम 31चं पान मी छापून दिलंय. काका, मेसेज आता काढता येत नसेल तर खाली 'चुकून टाकलं' एवढं तरी लिहा.