सिंथेटिक तेल, काळे तेल आणि क्लीनरची बाटली : एका संदेशाचा प्रतिवाद

वाहनधारकांमध्ये सध्या फिरणाऱ्या एका संदेशात तीन विधाने आहेत. सिंथेटिक बेस ऑइल, म्हणजे इंजिन तेलाचा मूळ घटक, शुद्ध असल्याने इंजिन आपोआप स्वच्छ राहते, अ‍ॅडिटिव्ह (त्यात मिसळलेली रसायने) ही केवळ भर असते. तेल काळे पडले म्हणजे ते निकामी झाले. आणि प्रत्येक सर्व्हिसिंगला इंजिनाच्या तेलात क्लीनरची बाटली ओतावी.

पहिल्या विधानात तथ्य आहे, पण अपुरे. बेस ऑइलचे पाच गट मानतात; त्यांपैकी तीव्र हायड्रोक्रॅकिंगने (हायड्रोजनच्या साहाय्याने रेणू तोडून) बनवलेल्या गट 3 च्या किंवा पॉलिअल्फाओलेफिन या गट 4 च्या तेलात गंधक व असंपृक्त घटक नगण्य असतात. त्यामुळे उष्णतेत त्याचे ऑक्सिडीकरण सावकाश होते आणि तेलापासून तयार होणारा गाळ व वार्निश (धातूवर बसणारा कठीण थर) कमी राहतात. मात्र इंजिनातली बरीच घाण तेलाची नसतेच. जळणाची काजळी, आम्ले आणि पाण्याची वाफ पिस्टन रिंगांजवळून निसटून खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतात, आणि त्यांचा बंदोबस्त बेस ऑइलच्या शुद्धतेने होत नाही. उलट पॉलिअल्फाओलेफिनची विद्रावक क्षमता इतकी कमी असते की अ‍ॅडिटिव्ह नीट विरघळावेत म्हणून त्यात बहुधा एस्टरसारखे गट 5 चे तेल मिसळावे लागते. अ‍ॅडिटिव्हविरहित तेलासाठी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची ‘एसए’ ही श्रेणी होती. 1930 नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना ती योग्य नाही, असे ती संस्थाच सांगते. ‘केवळ भर’ म्हणणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

दुसरे विधान अधिक फसवे आहे, कारण डोळ्यांना ते पटते. तेलातील सक्सिनिमाइड वर्गातील डिस्पर्संट काजळीच्या सूक्ष्म कणांना वेढून घेतात आणि त्यांची गुठळी होऊ न देता ते तेलातच तरंगत ठेवतात. कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमयुक्त डिटर्जंट आम्ले उदासीन करतात आणि पिस्टनच्या तप्त खाचांत थर साचू देत नाहीत. काजळी तेलात राहिली की तेल काळे दिसणारच, आणि डिझेल इंजिनात तर ते बदलल्यावर थोड्याच अंतरात होते. अर्थात काळे तेल चांगलेच असते, असाही याचा अर्थ नव्हे. डिस्पर्संटची क्षमता संपली की काजळी एकत्र येऊन तेल घट्ट होते, आणि आम्ले उदासीन करणारा साठा घटतो तो प्रयोगशाळेत मोजावा लागतो. डिपस्टिकवरच्या रंगातून तो कळत नाही. म्हणून तेलबदल वाहनाच्या पुस्तिकेतील किलोमीटर किंवा महिने पाहूनच करावा.

बाटलीविषयी थोडक्यात. तयार तेलातील घटकांचे प्रमाण चाचण्यांतून ठरलेले असते. धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी डिटर्जंट आणि झीज रोखणारे जस्ताचे संयुग यांच्यात चढाओढ असते, त्यामुळे एकाचे प्रमाण वाढले की दुसऱ्याचे काम बिघडू शकते. त्यातच बीएस 6 डिझेल गाड्यांच्या धुरातील काजळी अडवणाऱ्या कणगाळणीला (डीपीएफ) धातूयुक्त अ‍ॅडिटिव्हची राख चालत नाही. एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या ‘सी 3’ तेलश्रेणीत तर सल्फेटेड राखेची (तेल जळल्यावर उरणाऱ्या राखेच्या मापाची) मर्यादा 0.8 टक्के आहे. गाळणीतली काजळी जाळून टाकता येते, राख मात्र तिथेच साचत जाते.