शिजवल्याने जिवाणू मरतात, पण प्रश्न तिथे संपत नाही

“चिकन नीट शिजवले की सगळे जंतू मरतात, औषध दिल्यावर ठरावीक दिवस थांबूनच पक्षी विकतात, प्रतिजैविके निकामी होतात ती डॉक्टरांनी ऊठसूट लिहून दिल्यामुळे, आणि पोल्ट्रीतली औषधे बंद केली तर धंदाच बुडेल,” असा, कोंबड्यांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांची बाजू घेणारा संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्यातली काही विधाने अर्धी खरी आहेत, म्हणून ती एकेक करून तपासायला हवीत.

मांस हाडापर्यंत शिजले की त्यातले जिवाणू मरतात, मग ते औषधाला दाद देणारे असोत वा नसोत. याबद्दल वाद नाही. परंतु कोंबडी पातेल्यात पडण्याआधी पिशवीतून गळलेले पाणी ओट्यावर पसरते, नळाखाली धुताना शिंतोडे शेजारच्या ताटलीत उडतात, आणि त्याच सुरीने वरून भुरभुरायची कोथिंबीर चिरली जाते. ती कोथिंबीर शिजत नाही. शिवाय शेडमधले तूस आणि विष्ठा यांचे कोंबडखत नीट न कुजवता शेतात पडले, तर जिवाणू ताटाची वाट न धरताच बाहेर पडतात. अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही या संशोधकाने कोंबड्यांच्या खाद्यात ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मिसळून पाहिले, तेव्हा आठवडाभरात त्यांच्या आतड्यातले जवळपास सगळे जिवाणू त्या गटातील औषधाला प्रतिरोधक, म्हणजे दाद न देणारे, झाले, आणि ५-६ महिन्यांत त्याच शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही असे जिवाणू वाढले. शेजारच्या कुटुंबांत तशी वाढ आढळली नाही. हा अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला आहे.

थांबण्याच्या काळाचा मुद्दा लवकर संपतो. त्या दिवसांत मांसातला औषधाचा अंश कमी होतो, आतड्यात टिकून राहिलेले प्रतिरोधक जिवाणू मात्र त्यामुळे नाहीसे होत नाहीत.

डॉक्टरांची आणि आपली, म्हणजे गोळ्या अर्ध्यावर सोडणाऱ्यांची किंवा चिठ्ठीशिवाय आणणाऱ्यांची, जबाबदारी मोठी आहे हे मला पूर्ण मान्य आहे. पण म्हणून कोंबडी निर्दोष ठरत नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात उबवणी केंद्रांनी अंड्यात सेफ्टिओफर हे प्रतिजैविक टोचणे २००५ मध्ये स्वेच्छेने थांबवले, तेव्हा त्याला प्रतिरोधक असलेला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू दुकानातल्या चिकनमध्येही घटला आणि रुग्णांमध्येही. पुढे ते टोचणे काही प्रमाणात पुन्हा सुरू झाल्यावर प्रतिरोध पुन्हा वाढू लागला. कोलिस्टिन या प्रतिजैविकाची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण अतिदक्षता विभागात इतर औषधे थकल्यावर डॉक्टर ज्यांच्याकडे वळतात, त्यांपैकी ते एक आहे. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारा, कोलिस्टिनला निष्प्रभ करणारा जनुक चीनमध्ये डुकरे, कोंबडीचे मांस आणि रुग्ण अशा तिन्ही ठिकाणी सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारत सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनच्या वापरावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती उगीच नव्हे.

राहिला धंद्याचा मुद्दा, आणि तो मी हलका मानत नाही, कारण बॅच हातची गेली तर शेतकऱ्याचे कर्ज डोक्यावर राहते. पण डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी वाढीसाठी खाद्यात मिसळायची प्रतिजैविके १९९८ मध्ये स्वतःहून बंद केली, आणि तिथला व्यवसाय बुडाला नाही. युरोपीय संघाने २००६ पासून ती सर्वत्र बंद केली. आजारी पडलेल्या पक्ष्यांना पशुवैद्यकाने तपासून, पूर्ण मात्रेत औषध द्यावे, याला माझा विरोध नाही. विरोध आहे तो निरोगी पक्ष्यांच्या खाद्यात रोज मिसळल्या जाणाऱ्या चिमूटभर औषधाला, कारण तेवढ्याने कमजोर जिवाणू मरतात आणि चिवट तेवढे वाढायला मोकळे राहतात.