‘लोकलला कवच कशाला?’ या संदेशाचा प्रतिवाद

मुंब्रा येथे ९ जून २०२५ रोजी दारात लटकणारे प्रवासी धावत्या लोकलमधून पडून मृत्युमुखी पडले. तेव्हापासून प्रवाशांच्या गटांमध्ये एक संदेश अधूनमधून फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मुंबईत गाड्या एकमेकींवर आदळत नाहीत, माणसे पडून किंवा रूळ ओलांडताना मरतात; मोटरमनचे डोळे पुरेसे आहेत; बालासोरच्या रेल्वे अपघातात तर सिग्नल यंत्रणेनेच घात केला; स्वयंचलित ब्रेक आले की लोकल आणखी रखडतील; म्हणून कवच, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी गरज पडताच स्वतः ब्रेक लावणारी रेल्वेची यंत्रणा, किंवा तत्सम यंत्रणेवरील खर्च थांबवून तो पैसा दारांसाठी वापरावा. या संदेशामागची चीड समजण्याजोगी आहे आणि त्यातील एक विधान खरेही आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे जीव गमावतात आणि त्यांतील फार मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा व गाडीतून पडणाऱ्यांचा असतो. यांपैकी कोणालाही कवच थेट वाचवू शकत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण मुंबईत टकरी क्वचित का होतात, याचा विचार संदेशकर्त्याने केलेला दिसत नाही. येथील लोकलमध्ये १९८०च्या दशकापासून सहायक इशारा यंत्रणा आहे. रुळावरील चुंबकाद्वारे तिला सिग्नलची स्थिती कळते, धोक्याच्या सिग्नलजवळ ती मोटरमनला सावध करते आणि त्याने दखल घेतली नाही तर स्वतः ब्रेक लावते. शिवाय मोटरमनचा हात गाडीचा वेग नियंत्रित करणाऱ्या मुठीवरून सुटला, तरीही गाडी थांबते. म्हणजे ज्या सुरक्षिततेचा दाखला देऊन यंत्रणा अनावश्यक ठरवली जात आहे, ती सुरक्षितता पुष्कळ अंशी यंत्रणेनेच दिलेली आहे. कवच हा त्याच मार्गावरील पुढचा टप्पा आहे : जुनी यंत्रणा सिग्नलपाशीच बोलते, तर नवी यंत्रणा रुळांवरील टॅग आणि रेडिओ संपर्क यांच्या आधारे गाडीचे स्थान व वेग सतत तपासत राहते.

मोटरमनच्या डोळ्यांविषयी बोलताना त्याच्या कौशल्यावर शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच की, पावसाळ्याच्या धुवाधार सरींत, दर काही मिनिटांनी येणाऱ्या सिग्नलांच्या रांगेत, एकाही क्षणी चूक होणार नाही अशी अपेक्षा कोणत्याही माणसाकडून करता येते का? कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे १२ सप्टेंबर २००८ रोजी मोबाइलवर संदेश पाठवण्यात गुंतलेल्या चालकाने लाल सिग्नल ओलांडला आणि समोरून आलेल्या मालगाडीशी टक्कर होऊन २५ जण ठार झाले. त्याच वर्षी अमेरिकेने स्वयंचलित नियंत्रण बंधनकारक करणारा कायदा केला, जरी तो प्रत्यक्षात पूर्ण उतरायला २०२०चा डिसेंबर उजाडला. मुंबईकरांना त्याहून जवळचे उदाहरण १७ जून २०२४चे आहे. पश्चिम बंगालमधील रंगापाणीजवळ स्वयंचलित सिग्नल सकाळपासून बिघडले होते. लेखी परवाना घेऊन लाल सिग्नल ओलांडत निघालेली मालगाडी थांबलेल्या कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. परवाना देण्याच्या पद्धतीत आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात त्रुटी होत्याच, आणि रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी स्वयंचलित संरक्षण यंत्रणा प्राधान्याने बसवण्याची शिफारसही केली. आपल्याकडे पाणी साचले की सिग्नल बिघडतात, आणि मग लोकल एकामागून एक, नजरेच्या भरवशावर पुढे सरकतात. नेमक्या अशा वेळी डोळ्यांना दुसऱ्या आधाराची गरज असते.

बालासोरचा मुद्दा सर्वांत परिणामकारक वाटतो आणि सर्वांत कमी समजून मांडलेला आहे. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यातल्या बहनगा बाजार येथे कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल मिळाला. सांधा मात्र मालगाडी उभी असलेल्या लूप मार्गाकडे, म्हणजे बाजूच्या रुळाकडे, वळलेला होता. सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीनुसार याचे मूळ सिग्नल परिपथात केलेल्या सदोष बदलांमध्ये होते. तेथे कवच नव्हते. असते तरी ते स्थानकातील सिग्नल यंत्रणेकडूनच माहिती घेते, त्यामुळे खोट्या हिरव्यावर त्याचाही विश्वास बसला असता. ही कवचाची मर्यादा आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष दुरुस्तीनंतरच्या कसून चाचणीची मागणी करतो. यंत्रणा नकोच, असे त्यातून कोठेही सिद्ध होत नाही.

गाड्या रखडतील ही भीती अर्धीच खरी आहे. रेडिओ संपर्क तुटला की अशा यंत्रणा सुरक्षिततेच्या बाजूने झुकतात व गाडीचा वेग उतरवतात, त्यामुळे सुरुवातीच्या महिन्यांत खोळंबे होतील आणि तेव्हा हाच संदेश पुन्हा फिरेल, यात मला शंका नाही. तरीही आज गर्दीच्या वेळी दोन लोकलमध्ये सुमारे तीन मिनिटांचे अंतर ठेवावे लागते, त्याचे एक मोठे कारण सिग्नलांनी आखलेले ठरावीक टप्पे हेच आहे. पुढची गाडी टप्प्याच्या पार टोकाला पोचली असली, तरी ती बाहेर पडेपर्यंत तो सबंध टप्पा व्यापलेला धरला जातो. गाडीचे प्रत्यक्ष स्थान आणि ब्रेकची क्षमता सतत कळत राहिली, तर हे अंतर सुरक्षितपणे कमी करता येते. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या एमयूटीपी (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्प) ३अ मध्ये संपर्काधारित गाडी नियंत्रण, म्हणजे सीबीटीसी, घेण्यामागे हाच हेतू होता. मुंबईच्या नव्या मेट्रो मार्गिका याच तत्त्वावर धावतात. अर्थात लोकलचे काम मेट्रोइतके सोपे नाही. कल्याणकडे जाणाऱ्या जलद मार्गावर मेल-एक्स्प्रेसही धावतात, त्यांचे वजन आणि थांबण्याचे अंतर वेगळे असते, आणि त्या गाड्यांमध्येही सुसंगत उपकरणे लागतात.

राहिला दारांचा प्रश्न. २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावू लागलेल्या वातानुकूलित लोकलमध्ये दारे बंद झाल्याशिवाय गाडी सुटत नाही. म्हणजे दार हेही स्वयंचलित नियंत्रणच आहे. साध्या लोकलला अशी दारे लावायची, तर हवा खेळती राहण्याची सोय करावी लागेल, म्हणून मुंब्र्यानंतर रेल्वेने झडपांची दारे आणि छतावरून हवा घेण्याची योजना जाहीर केली. पण आत माणूस मावतच नसेल तर दार बंद कसे होणार? ठाण्याला किंवा डोंबिवलीला सकाळी दार मिटेपर्यंत गाडी उभी राहिली, तर थांबा लांबेल, मागच्या गाड्या साचतील आणि फलाटावरील गर्दी वाढेल. बंद दारांसाठी प्रत्येक गाडीतील गर्दी उतरली पाहिजे, त्यासाठी फेऱ्या वाढल्या पाहिजेत आणि त्याच रुळांवर फेऱ्या वाढवण्यासाठी दोन गाड्यांमधील अंतर घटले पाहिजे. त्यामुळे नियंत्रण यंत्रणेचा पैसा काढून दारांना लावला, तर गर्दीच्या वेळी ती दारे मिटणेच कठीण होईल.