ॲप काढताय? मग हे चार शब्द ऐका

ट्विटरसारख्या कंपनीच्या भरवशावर ॲप काढायचं मनात आहे? मग आधी रीतसर नोंदणी करायचा मोह आवरा. स्पॅमवाला रोज नव्या नावाने उगवतो, त्याला धरायचं कुठे? तुमचं नाव, पत्ता आणि एपीआय की (एपीआय म्हणजे बाहेरच्या ॲपला ट्वीट वाचायला-टाकायला कंपनीने ठेवलेलं दार, आणि की म्हणजे त्याची किल्ली) मात्र वर्षानुवर्षं तीच. कारवाई दाखवायची वेळ आली की हाताशी तुम्हीच.

नियम वाचण्यातही डोळे फोडू नका. १२ जानेवारी २०२३ च्या रात्री ट्वीटबॉट आणि ट्विटरिफिक ही ट्विटर वापरण्यासाठी बाहेरच्यांनी बनवलेली ॲप्स अचानक बंद पडली. ना नोटीस, ना साधा ईमेल. पाच दिवसांनी कंपनी बोलली: आम्ही जुनेच नियम लागू करतोय. कोणते, ते गुलदस्त्यात. मग १९ तारखेला करारात नवं कलम अवतरलं, की ट्विटरच्या ॲपसारखं किंवा त्याला पर्याय ठरेल असं काही बनवायचं नाही. शिक्षा आधी, कायदा मागाहून. एवढा उरक आपल्या सरकारी कचेऱ्यांना कधी जमायचा!

जुनी ओळखही काढू नका. ट्विटरिफिक २००७ चं. ट्विटरने आयफोनसाठी स्वतःचं ॲप आणलं २०१० मध्ये, तेही दुसऱ्याचं तयार ॲप विकत घेऊन.

आता पैशांचं. फेब्रुवारीत ट्विटरचे मालक इलॉन मस्क म्हणाले, फुकट एपीआयचा बॉटवाले, म्हणजे आपोआप ट्वीट टाकणारी खाती चालवणारे, गैरफायदा घेतात. महिना शंभर डॉलर आणि ओळखपत्र मागितलं की बरीच साफसफाई होईल. मार्चअखेर आलेलं दरपत्रक मात्र सावकाश वाचण्यासारखं होतं. महिन्याला १,५०० ट्वीट टाकणं फुकट. वाचायची असतील तर शंभर डॉलर, आणि तेवढ्यात महिन्याला १०,००० ट्वीट. म्हणजे भिंतीवर पत्रकं चिकटवणाऱ्याला मोकळं सोडायचं आणि ती वाचायला थांबलेल्याकडून दंड वसूल करायचा. तेव्हा तुमचं ॲप नुसतंच वाचत असेल, तर त्याला आधी काहीतरी बरळायला शिकवा.

आपलं काम लोकोपयोगी आहे, या भ्रमात तर मुळीच राहू नका. न्यूयॉर्कची सार्वजनिक वाहतूक चालवणाऱ्या एमटीएची ट्विटरवरची खाती भुयारी रेल्वे आणि बसच्या खोळंब्याच्या सूचना द्यायची. एपीआयसाठी महिन्याला ५०,००० डॉलरच्या वर मागणी आल्यावर एमटीएने २७ एप्रिलला त्या सूचना ट्विटरवर देणंच थांबवलं. मे उजाडल्यावर ट्विटरने असल्या सरकारी सूचनांना फुकट मुभा दिली. ‘गाडी उशिरा येतेय’ हे स्पॅम नव्हे, हा शोध लागायलाही जरा वेळ द्यावा लागतो.

एवढं ऐकूनही ॲप काढलंत आणि ते बंद पडलंच, तर दाद मागायचा फॉर्म असतो, तो भरा. उत्तर आलं नाही म्हणून तोच मजकूर पुन्हा धाडू नका. एकच मजकूर वारंवार पाठवणं नियमावलीत कशात मोडतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच.