डिव्हाइनला ‘गली बॉय’ने घडवलं? तारखा तसं सांगत नाहीत

रॅपर डिव्हाइनबद्दल एक मजकूर गेली काही वर्षं फिरतोय. कधी रीलच्या खाली, कधी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. शब्द इकडचे तिकडे होतात, सांगणं तेच राहतं: धारावीच्या झोपडपट्टीतलं पोर, ‘गली बॉय’ सिनेमा आला आणि रातोरात स्टार झालं. करतो काय, तर अमेरिकन रॅपरांची नक्कल. गाणं कसलं, शिव्या आणि बडबड. आणि पैसा हातात आल्यावर गल्लीसुद्धा विसरला.

हे वाचून बरेच जण मान डोलावतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतोय. एका माणसाची कित्येक वर्षांची मेहनत चार ओळींत पुसून टाकली जाते, याचा मला खरंच राग येतो.

‘तो धारावीचा आहे’

नाही. डिव्हाइन म्हणजे विव्हियन फर्नांडिस, आणि तो अंधेरी पूर्वचा. जे. बी. नगरच्या आसपासच्या वस्तीत तो वाढला. धारावी शीव आणि माहीमच्या मधली, शहर जिल्ह्यातली. जे. बी. नगर उपनगर जिल्ह्यात, अंधेरी-कुर्ला रोडच्या कडेला. मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी झाला आणि डिव्हाइनचा जन्म २ ऑक्टोबर १९९० चा. निव्वळ योगायोग, पण इतका उपनगराचा माणूस शोधून सापडणार नाही.

पत्ता चुकला तर एवढं काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडतं. कारण अंधेरी पूर्व ही स्वतःची एक चीज आहे. एका अंगाला सहारचा विमानतळ आणि त्याच्याभोवतीची पंचतारांकित हॉटेलं. दुसऱ्या अंगाला मरोळ, एमआयडीसी, सीप्झ, म्हणजे शिफ्ट सुटली की रस्ताभर माणूसच माणूस. मध्ये ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी कॅथलिक लोकांची जुनी गावठाणं, नाक्यानाक्यावर क्रॉस, त्याला लागून मारवाडी कुटुंबांच्या सोसायट्या आणि उरलेल्या फटींत चाळी आणि झोपड्या. इथल्या पोराला श्रीमंती बघायला दक्षिण मुंबईत जावं लागत नाही, ती भिंतीपलीकडे राहते आणि दिवसातून शंभरदा डोक्यावरून उडत जाते. डिव्हाइनच्या गाण्यातली भूक या शेजारातून आली आहे. शिवाय तो कॅथलिक घरातला. वडील घर सोडून गेलेले, आई पोटासाठी परदेशी कामाला, पोरं आजीच्या हाताखाली. हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलंय. हे सगळं पुसून तिथे ‘धारावी’ लिहिलं की गाण्याचं मूळच हरवतं.

आणि धारावीवरही हा अन्यायच आहे. तिथे रॅप करणारी तिची स्वतःची पोरं आहेत: डोपॅडेलिक्स, सेव्हन बंटाईझ, एमसी अल्ताफ. अल्ताफने तर थेट आपल्या पिनकोडवर, ‘कोड मुंबई १७’ या नावाने गाणं केलं आणि त्यात डिव्हाइन पाहुणा म्हणून आहे. धारावीच्या गाण्यात धारावीकर यजमान आणि अंधेरीकर पाहुणा, हे त्या दोघांना नीट माहीत आहे.

गोंधळ कुठून झाला तेही उघड आहे. सिनेमाचा नायक, रॅपर मुराद, धारावीत राहतो. पण मुरादची गोष्ट बेतली आहे ती जास्त करून रॅपर नेझीवर, म्हणजे नावेद शेखवर, आणि तो कुर्ल्याचा. डिव्हाइनची छाया पडली आहे ती सिद्धांत चतुर्वेदीने केलेल्या एमसी शेर या पात्रावर. म्हणजे कुर्ल्याचा एक आणि अंधेरीचा एक, अशा दोन उपनगरी मुलांच्या आयुष्यातून घेतलेली गोष्ट सिनेमाने धारावीत नेऊन ठेवली. सिनेमाला ती मोकळीक आहे. माहिती म्हणून पुढे पाठवणाऱ्याला नाही.

‘सिनेमाने त्याला घडवलं’

‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी आला. आता मागे जाऊ.

‘ये मेरा बॉम्बे’ २०१३ चं. हिंदीत रॅप करायचं ठरवल्यावर त्याची ओळख झाली ती या गाण्याने. व्हिडिओत शहरातली कष्टाची माणसं आहेत, चकचकीत काही नाही. त्याआधी तो ‘मुंबईज फायनेस्ट’ या टोळक्यात होता आणि इंग्रजीत रॅप करत होता. जानेवारी २०१४ मध्ये कुर्ल्यातून नेझीचं ‘आफत’ आलं, आयपॅडवर चित्रित केलेलं. एप्रिल २०१५ मध्ये दोघांचं ‘मेरे गली में’ आलं, तेही सोनी म्युझिकसारख्या मोठ्या कंपनीकडून. २०१६ ला ‘जंगली शेर’, ज्याचा पूर्ण व्हिडिओ आयफोनवर शूट केलेला. २०१८ ला ‘सेक्रेड गेम्स’ या मालिकेसाठी ‘काम २५’.

म्हणजे सिनेमाच्या आधी सहा वर्षं हा माणूस हिंदीत गाणी करत होता. सिनेमाच्या दिग्दर्शक झोया अख्तर या मुलांपर्यंत पोचल्या त्या ‘आफत’ बघून. सिनेमाने रॅपर शोधून घडवले नाहीत, तर रॅपर होते म्हणून सिनेमा सुचला. ‘मेरे गली में’ हे गाणं तर सिनेमाने चार वर्षांनी उचलून पुन्हा वापरलं. ‘अपना टाइम आएगा’च्या श्रेयनामावलीत डिव्हाइनचं नाव गीतकार म्हणून अंकुर तिवारीबरोबर आहे आणि संगीतात डब शर्माबरोबर. त्या गीतलेखनासाठी दोघांना फिल्मफेअर मिळालं. सिनेमाला त्या वर्षी १३ फिल्मफेअर मिळाली, त्यातलं हे एक. मग कोणी कोणाला दिलं?

सिनेमामुळे त्याचं नाव घराघरात गेलं, हे मात्र खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. ज्या आईबापांना रॅप म्हणजे काय हे माहीत नव्हतं त्यांना ते २०१९ मध्ये कळलं. पण नाव पोचणं आणि माणूस घडणं यात फरक आहे.

‘अमेरिकेची नक्कल आहे’

या आरोपावर थोडं थांबायला हवं, कारण यात अर्धं सत्य आहे. शाळेत एका मित्राच्या अंगात फिफ्टी सेंट या अमेरिकन रॅपरचा टी-शर्ट होता, त्यावरून चौकशी केली, गाणी मिळवली आणि वेड लागलं, असं डिव्हाइन सांगतो. सुरुवात इंग्रजीत केली हेही वर आलंच. म्हणजे शिकला अमेरिकनांकडूनच. आणि तो लपवतही नाही. ‘गली बॉय’च्या वेळी न्यूयॉर्कचा रॅपर नास आणि मुंबईची ही मुलं एका गाण्यात एकत्र आली, ‘एनवाय से मुंबई’. गुरूचं ऋण मानणारा माणूस हा.

पण शिकणं म्हणजे नक्कल नव्हे, आणि नक्कल कुठे संपली ते कानाने ओळखता येतं.

रॅपचा साचा साधा असतो. चार मात्रांचं आवर्तन, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा फटका, बहुधा सोळा आवर्तनांचं एक कडवं. हा साचा न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून जगभर गेला. अवघड काम पुढे सुरू होतं: या साच्यात आपली बोली बसवायची कशी? इंग्रजीत शब्दावरचा आघात ठळक असतो, तो मात्रेवर आपोआप पडतो. हिंदीत तसं होत नाही. वर हिंदी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे ‘जाता है, खाता है, आता है’ असं यमक फुकट मिळतं आणि चार ओळींत कानाला कंटाळा येतो. सुरुवातीच्या कित्येक हिंदी रॅपरांची गाणी इथेच अडकून पडलेली ऐकू येतात.

डिव्हाइनने यातून वाट काढली ती दोन गोष्टींनी. एक, वाक्याचा क्रम मोडून क्रियापद ओळीच्या पोटात ढकललं आणि शेवटी नाम किंवा नाव आणलं. दुसरं, एका अक्षराचं यमक सोडून सलग तीन-चार अक्षरं जुळवली. मराठीतलं माझंच एक उदाहरण देतो: ‘सहारची वाट’ आणि ‘पहाटची खाट’. यात नुसतं ‘वाट-खाट’ जुळत नाही, मागची सगळी स्वरांची रांग जुळते. असं यमक ओळीच्या मधेही पेरलं की बोलण्याला चाल येते, सूर न लावता. हे काम बंबैया बोलीत जास्त जमतं, कारण ती बोली आधीच तोडून-मोडून, आखूड करून बोलली जाते. पुस्तकी हिंदीत ते जड गेलं असतं. इंग्रजी सोडून या बोलीत येणं हा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा निर्णय होता असं मला वाटतं, आणि त्यात नक्कल करण्यासारखं समोर फारसं काही नव्हतंच. बाबा सैगल नव्वदच्या सुरुवातीला गाजला, पण त्याचा बाज गमतीचा होता. बोहेमिया पंजाबीत करत होता, अमेरिकेत बसून. यो यो हनी सिंग पार्ट्यांचा. मुंबईच्या चाळीतली, नाक्यावरची भाषा गंभीरपणे रॅपमध्ये आणणं हे या पोरांनी केलं.

‘मेरे गली में’ हेडफोन लावून एकदा शांतपणे ऐका. बीट, म्हणजे मागचा ठेका आणि वाद्यं, ‘सेझ ऑन द बीट’ या संगीत निर्मात्याचा, मोकळा, फारशी वाद्यं न ठासलेला, म्हणजे आवाजांना लपायला जागा नाही. डिव्हाइनचा आवाज जाड, खर्जाकडे झुकणारा, थोडा घोगरा. तो मात्रेवर टाच रोवून उभा राहतो, शब्द कमी वापरतो, ओळीच्या शेवटी श्वास सोडून जागा ठेवतो. मग नेझी येतो आणि सगळंच बदलतं. आवाज पातळ, चाल झपझप, मात्रेच्या आधी घुसतो, मग मागे रेंगाळतो. एकाच बीटवर दोन माणसं चालताहेत आणि दोघांच्या चालीवरून दोन वेगळ्या वस्त्या कळतात. हे कुठून नक्कल केलं म्हणायचं?

याच्या अगदी उलट टोकाचा दावाही आपल्याकडे मराठी मंडळी हौसेने करतात: रॅप वगैरे काही नवीन नाही, आपला पोवाडा म्हणजे रॅपच. पोवाड्याबद्दल मला नितांत आदर आहे, पण डिव्हाइन त्या परंपरेतून आलेला नाही आणि त्याला ओढून आणायची गरज नाही. मुंबईच्या उपनगरातल्या कष्टकरी वस्तीने याआधीही मोठे आवाज दिले, एवढं म्हणणं मात्र रास्त आहे. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिराग नगरात राहून लिहीत होते. आज शाहिरीशी खरोखर नातं सांगणारा रॅप ऐकायचा असेल तर ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाकडे जावं. आरेच्या जंगलासाठी त्यांनी आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्याबरोबर ‘वारली रिव्होल्ट’ केलं, ते २०१९ साली.

‘नुसत्या शिव्या आणि बडबड’

बडबडीचं उत्तर वर आलं. शिव्यांबद्दल एवढंच: ज्या गाण्यांनी तो ओळखला गेला, ‘ये मेरा बॉम्बे’ किंवा ‘मेरे गली में’, ती शिव्यांच्या जोरावर उभी नाहीत. पुढच्या काही गाण्यांत शिवराळ शब्द येतात. ते पटत नसतील तर न पटणं हा ज्याचा त्याचा हक्क. पण हा आरोप करणाऱ्यांनी ती गाणी ऐकलेली असावीत, एवढी अपेक्षा ठेवतो.

‘पैसा आला आणि गल्ली विसरला’

२०१९ मध्ये त्याने ‘गली गँग’ ही स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी नासशी संबंधित ‘मास अपील’ ही संगीत कंपनी भारतात आली तेव्हा तिने पहिला कलाकार घेतला तो डिव्हाइन. आलेल्या पैशाचं त्याने काय केलं याचा हिशेब मी मांडू शकत नाही, आणि मजकूर फिरवणारेही मांडू शकत नाहीत. पण गली गँगच्या छत्राखाली शाह रूल, डेव्हिल यांच्यासारखे दुसरे रॅपर पुढे आले, हे सगळ्यांना दिसतंय. गल्लीतून बाहेर पडलेल्या माणसाने गल्लीतच राहून दाखवावं ही मागणी मला क्रूर वाटते. गिरणगावातून निघून कल्याण-डोंबिवलीत दोन खोल्या घेतलेल्या आपल्या काकांना आपण हे विचारत नाही.

त्याच्या पहिल्या तीन अल्बमची नावं ओळीने बघा: ‘कोहिनूर’ २०१९, ‘पुण्य पाप’ २०२०, ‘गुनहगार’ २०२२. पहिल्यात मिळवलेल्याचा अभिमान, पुढच्या दोन नावांत थेट कबुलीजबाबाची भाषा. यश मिळाल्यावर आपण काय गमावलं, कोणाचे अपराधी झालो, हे तो स्वतःच गाण्यात विचारतोय.

टीका करायला जागा आहे, आणि ती मी स्वतः करतो. नंतरच्या कामात बीट जगभरच्या ट्रॅपसारखे, म्हणजे रॅपच्या सध्या सगळीकडे चालणाऱ्या एका प्रकारासारखे ऐकू येतात, ‘मेरे गली में’मधली मोकळी हवा कमी झाली आहे. मोठमोठ्या पाहुण्यांच्या गर्दीत कधी कधी त्याचाच आवाज मागे पडतो. पूर्वी नाक्याची, रस्त्याची, माणसांची नावं येत, तिथे आता स्वतःच्या प्रवासाचा पाढा जास्त येतो. ‘पुण्य पाप’ मला आवडतो, ‘गुनहगार’मधली निम्मी गाणी मी पुन्हा लावत नाही. यावर कोणाला वाद घालायचा असेल तर जरूर घालू, गाणी समोर ठेवून.