सेल कुठे घालायचे?

गेल्या रविवारी माझा रणगाडा खडकीला गेला. लढायला नाही; कापडी पिशवीतून, पीएमटीने. खाली भज्यांचा रिकामा डबा आणि त्यावर रणगाडा. आज गुरुवार उजाडला तरी मी बायकोशी ‘मीठ दे’च्या पलीकडे बोललेलो नाही, आणि हे तिच्या अजून लक्षातच आलेलं नाही.

आधीचं दोन ओळींत उरकतो. वय ४३, छंद प्लॅस्टिकचे रणगाडे जोडण्याचा, माप १/३५. म्हणजे इथे धडधाकट सैनिक पाच सेंटिमीटर भरतो. पुण्यात राहून जर्मन टायगर काय जोडायचा, म्हणून मी सेंच्युरियन घेतला. पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटचे तारापोर १९६५ साली आणि अरुण खेत्रपाल १९७१ साली सेंच्युरियनमधूनच लढले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र. खेत्रपालांचा ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडा नगरला आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलाय. एका रात्री हे सगळं वाचून मला इतकं भरून आलं की मी एक सोडून दोन सेंच्युरियन मागवले. एक स्वस्तातला, एक उंची.

स्वस्तातला म्हणजे सत्तरच्या दशकातला साचा, अजून त्यातूनच माल काढताहेत. साचा झिजला की भागांच्या कडेला प्लॅस्टिकचा पापुद्रा सुटतो, तो ब्लेडने तासत बसायचं. तोफेची नळी उभ्या दोन अर्धांत येते. मधली शिवण घासता घासता गोल नळी अंडाकृती कधी झाली ते कळत नाही. टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या, दोन तुकड्यांत अशी फट की त्यातून शत्रू आत यावा. पुट्टी भरा, वाळू द्या, पॉलिश पेपर मारा, परत पुट्टी. पट्टे रबरी, चड्डीच्या इलॅस्टिकसारखे. शिवाय तळाला तीन-चार भोकं, कशाची ते देव जाणे. तीही मी पुट्टीने बुजवून, घासून, बोटाला लागणार नाहीत अशी केली. तीन आठवडे गेले, पण रणगाडा झाला.

उंची किटात एवढंसुद्धा खोट काढायला जागा नाही. नळी ॲल्युमिनियमची, लेथवर काढलेली. जाळ्या पितळेच्या कागदाएवढ्या पातळ पत्र्यातून कापायच्या. आणि पट्ट्याची प्रत्येक कडी सुटी! एका बाजूला शंभरेक कड्या, प्रत्येक कडी फ्रेमपासून निपरने तोडायची, तासायची, पुढचीत अडकवायची. एवढं करून, सेंच्युरियनच्या बाजूला पत्र्याची झूल असते. तिच्यामागे पट्ट्याचा वरचा भाग झाकलाच जातो. म्हणजे निम्म्या कड्या मी फक्त माझ्या मनाच्या समाधानासाठी जोडतोय, आणि मनाचं समाधान सोमवारपासून मानेच्या दुखण्यावर शेक घेतंय. स्वस्त किट आपल्या दोषांनी छळतं, महागडं गुणांनी; पण छळून झाल्यावर स्वस्तातलं पूर्ण तरी होतं.

आता मामा. म्हणजे हिचे मामा, माझे मामेसासरे. नोकरीची सगळी वर्षं खडकीच्या एका डेपोत स्टोअरकीपर. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण माणूस अजून चार्जवर आहे. घरात शिरले, भजी ठेवली आणि थेट माझ्या टेबलापाशी.

“जावईबापू, हा माल कुणाच्या नावावर इश्यू झालाय?”

मी हसलो. ते हसले नाहीत. खिशातून लाल पेन्सिल निघाली. महागड्या किटाचा नकाशा पसरला आणि एकेक नग टिकमार्क व्हायला लागला. हिने चहा आणला, तो गार झाला. दुसरा आणला, तोही झाला. पाऊण तासाने मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

“डी-सत्तावीस शॉर्ट आहे.”

डी-सत्तावीस म्हणजे मोहरीएवढा हूक. आदल्या रात्री तो चिमट्यातून निसटून कुठेतरी गेला होता आणि मी अकरा ते एक टॉर्च घेऊन फरशीवर पालथा होतो.

“मामा, तो उडाला.”

“उडाला? पक्षी आहे का?”

“चिमट्यातून उडाला हो.”

“शॉर्टेज दोनच प्रकारची असतात. ट्रान्झिटमधली नाही तर चोरीची. ‘उडाला’ असा हेड नाही.” आणि नकाशाच्या कोपऱ्यात त्यांनी लाल अक्षरांत लिहिलंसुद्धा: डी-२७, एक नग, खुलासा समाधानकारक नाही. खाली सही. माझ्या नकाशावर! मग विचारलं, “याचं बिल?”

बिलाचं कोणी नाव काढलं की मी जिना उतरायला लागतो, पण या वेळी बिल बॉक्सच्या झाकणातच होतं. मामांनी ते खालून वर वाचलं. “साडेसहा हजार,” असं स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले. आणि मग, त्याहून मोठ्याने, “इथे टॉय लिहिलंय!”

हे मात्र लागलं. मी या घरात आठ वर्षं सांगतोय की हे खेळणं नव्हे. आणि सरकारी कागद म्हणतो खेळणं! आयात शुल्काच्या वर्गवारीत ९५०३ हा आकडा आहे. त्याखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, बाहुल्यांच्या गाड्या आणि स्केल मॉडेल, सगळे एका पंगतीला. २०२० साली खेळण्यांवरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ ला ७० वर. स्वस्त खेळण्यांची आयात थोपवायची होती, थोपवा की. पण इथल्या कोणत्या कारखान्याचं संरक्षण चाललंय माझ्या सेंच्युरियनपासून? रंग आणि गोंद ज्वालाग्राही म्हणून बहुतेक वेळा विमानाने येतच नाहीत, म्हणजे किट दारात आणि गोंद नाही. आमचा शेजारी दर पावसाळ्यात ट्रेकला जाऊन गुडघा फोडून येतो, त्याला सोसायटीत हार घालतात. मी कुणाला त्रास न देता कोपऱ्यात बसतो, तर मी लहान मूल. आणि मूल म्हणायचं, तर कर तरी मुलाच्या खाऊच्या पैशांना झेपेल असा लावा!

असो. मामांनी मग स्वस्तातला सेंच्युरियन उचलला. नळीला धरून. उलटा केला, ठोकून पाहिला, टेबलावर ढकलला. चाकं फिरली.

“हा बघा. दणकट. आणि सेल कुठे घालायचे?”

“सेल नाहीत, मामा. मॉडेल आहे.”

“सेल नाहीत?” त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं ती मी विसरणार नाही. “मग करतो काय हा?”

“हा द्या ना, आमचा नातू पिंट्या खेळेल,” असं मामा म्हणाले असते तर मी नाही म्हणू शकलो असतो. पण हे बायकोच म्हणाली. “मामा, पिंट्याला न्या हो तो. ह्यांच्याकडे दुसरा आहेच.” दुसरा! पट्ट्याविना, हुकाविना, अर्धवट पडलेला दुसरा!

तोंडघशी पडायचं अजून बाकी होतं. सोमवारी रात्री मामांना सुनवायच्या तयारीने मी १/३५ या मापाचा इतिहास काढला. म्हटलं, काही तोफखान्याचं गणित असेल. तर जपानच्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने साठच्या दशकात पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, तेही मोटारीवर चालणारं. आत सेल मावले पाहिजेत, म्हणून तेवढा आकार ठरवला. नंतर मोजलं, तर १/३५ च्या आसपास भरलं. जगभरची आम्ही प्रौढ मंडळी जे माप देवासारखं मानतो, ते दोन सेलांच्या मापाने बेतलेलं. मी ते मामांना अर्थातच कळवलं नाही.

काल रात्री फोन आला.

“जावईबापू, डी-सत्तावीस सापडला. माझ्या मोज्यात होता. रिसीट घेऊन ठेवतो.”

“बरं झालं, मामा. मी येऊन नेतो.”

“आणि तुमच्या रणगाड्याच्या तळाला भोकं होती, ती कुणीतरी बुजवली होती. मोटारीची आणि स्विचची जागा ती! पिंट्याने आणि मी मिळून सगळी पुट्टी खरवडून काढली. उद्या मोटार आणतोय. हे काम कोणाचं हो, काही कल्पना?”